स्टार्टअपसाठी विद्यापीठ निवडताय? तुलना अशी करा

आता जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नवउद्योजकतेचं एक पान असतं. काचेच्या भिंतींची इमारत, हातात माईक घेतलेला तरुण संस्थापक आणि खाली माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या कंपन्यांची यादी. अशी दहा पानं वाचली की सगळी विद्यापीठं सारखीच वाटू लागतात. मग क्रमवारीत जे वर असेल ते निवडून आपण मोकळे होतो. प्रवेशासाठी विद्यापीठं शोधताना मीही या गोंधळातून गेले आहे. त्यातून तुलनेची जी पद्धत हाती आली, ती इथे क्रमाने देते.

या पद्धतीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आज प्रवेश घेणाऱ्या, कुणाचीही ओळख नसलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला इथे नेमकं काय येतं? वीस वर्षांपूर्वी तिथून कोण बाहेर पडलं याचं उत्तर माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं. तुमच्या वाट्याला काय येणार, हे मात्र शोधून काढावं लागतं.

सुरुवात करण्याआधी हे जवळ ठेवा

- एक स्प्रेडशीट. आडव्या ओळीत विद्यापीठं, उभ्या रकान्यांत खालच्या पायऱ्या.
- प्रत्येक विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण, म्हणजे शोध आणि पेटंटची मालकी कोणाची हे ठरवणारे नियम. माहितीपत्रक नव्हे, मूळ नियमावलीची पीडीएफ.
- विद्यार्थी नियमपुस्तिका. त्यातली रजा, क्रेडिट आणि खंड घेण्याबद्दलची प्रकरणं.
- विद्यापीठाच्या इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्राच्या, तीन-चार वर्षांपूर्वीच्या तुकड्यांची यादी.
- लिंक्डइन खातं आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारं इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन. ते कशासाठी, हे चौथ्या पायरीत येईल.
- परदेशात जाणार असाल तर त्या देशाचे विद्यार्थी व्हिसाचे नियम, सरकारी संकेतस्थळावरूनच.

१. तुम्ही कोणत्या गटात आहात ते ठरवा

पदवीसाठी जाणारा, पदव्युत्तर शिक्षणाला जाणारा आणि पीएचडी करणारा या तिघांना एकच विद्यापीठ वेगवेगळं दिसतं. पदवीच्या विद्यार्थ्याकडे वेळ भरपूर असतो आणि सहसंस्थापक शोधायला तीन-चार वर्षं मिळतात. त्याच्यासाठी सोबतची माणसं आणि लवचिक अभ्यासक्रम महत्त्वाचे. एक-दीड वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्थिरस्थावर होईपर्यंत निम्मं वर्ष सरतं, म्हणून तिथे पहिल्या दिवसापासून चालू असलेले उपक्रमच कामाचे. पीएचडी करणाऱ्याची कंपनी बहुधा प्रयोगशाळेतल्या कामातून निघणार, त्यामुळे त्याने तिसऱ्या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

तुमच्या गटानुसार कोणत्या दोन रकान्यांना जास्त वजन द्यायचं, ते आत्ताच लिहून ठेवा. एखादं विद्यापीठ मनात भरल्यावर वजन ठरवायला बसलात, तर ते नकळत त्याच्याच बाजूने झुकतं.

२. क्रमवारी नेमकं काय मोजते ते पाहा

या विषयात सर्वाधिक उद्धृत होणारी यादी गुंतवणुकीची आकडेवारी जमवणाऱ्या पिचबुक या कंपनीची. ज्यांच्या कंपन्यांना व्हेंचर कॅपिटल (हिस्सा घेऊन नव्या कंपन्यांत केलेली गुंतवणूक) मिळालं, असे किती संस्थापक कुठे शिकले, हे ती मोजते. पदवी आणि पदव्युत्तर अशा वेगळ्या याद्या असतात. स्टॅनफर्ड आणि बर्कली वर्षानुवर्षं शिखराजवळ दिसतात.

यादी खोटी नाही, पण तिच्यात काय येत नाही हे लक्षात ठेवा. एक, ती एकूण संख्या मोजते. बर्कलीत पदवीचे तीस हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत, तर स्टॅनफर्डमध्ये आठ हजारांच्या आसपास. त्यामुळे आकडे सारखे असले तरी दर विद्यार्थ्यामागचं चित्र फार वेगळं निघतं. भागाकार स्वतः करा. दोन, व्हेंचर कॅपिटल न घेता नफ्यावर वाढलेली कंपनी या मोजणीत येतच नाही. सामाजिक उपक्रम, छोटा उत्पादन व्यवसाय किंवा ग्राहकांच्या पैशावर चालणारी सॉफ्टवेअर कंपनी तुमच्या मनात असेल, तर ही यादी तुमच्यासाठी अर्धीच आहे. तीन, पदवीनंतर दहा वर्षं नोकरी करून मग कंपनी काढणाराही विद्यापीठाच्याच खात्यात जमा होतो. त्यात विद्यापीठाचा वाटा किती, हे आकड्यावरून कळत नाही.

शिवाय भूगोल आहेच. स्टॅनफर्डने स्वतःच्या जमिनीवर कंपन्यांसाठी औद्योगिक वसाहत १९५१ मध्ये सुरू केली. केंब्रिजमध्ये ट्रिनिटी कॉलेजने सायन्स पार्क १९७० मध्ये उभारलं. या परिसरांत गुंतवणूकदार, वकील आणि अनुभवी अभियंते पिढ्यानपिढ्या साठत गेले. तसा परिसर विद्यार्थ्याला मोठा आधार देतो. म्हणून ‘विद्यापीठ’ आणि ‘परिसर’ असे दोन वेगळे रकाने ठेवा.

३. तुमच्या कामाचा मालक कोण, हे नियमात वाचा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि नंतर सर्वात जास्त त्रास तिचाच होतो.

गूगलचं उदाहरण घ्या. शोधनिकालांत पानांचा क्रम लावणाऱ्या पेजरँक या पद्धतीचं काम स्टॅनफर्डमध्ये झालं, म्हणून त्याचं पेटंट विद्यापीठाच्या मालकीचं होतं. संस्थापकांनी परवाना घेतला, त्याच्या मोबदल्यात विद्यापीठाला कंपनीचे शेअर मिळाले आणि २००५ पर्यंत ते विकून विद्यापीठाला सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले. यात कुणाचीच फसवणूक झाली नाही. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानंतर सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येते आणि बहुतेक विद्यापीठं तसंच करतात.

पण हा एकच मार्ग नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अध्यापन आणि संशोधनातून निर्माण झालेल्या गोष्टीची मालकी, नेमून दिलेल्या कामासारखे अपवाद वगळता, निर्मात्याकडेच राहते. स्वीडनमध्ये विद्यापीठातल्या संशोधकांना स्वतःच्या शोधावर कायद्यानेच हक्क आहे. नॉर्वेतही तसाच हक्क होता. २००३ मध्ये तो बदलून दोन तृतीयांश वाटा विद्यापीठाकडे गेला. हान्स ह्विडे आणि बेंजामिन जोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास केला, तेव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेल्या कंपन्या आणि घेतलेली पेटंट, दोन्ही सुमारे निम्म्यावर आल्याचं त्यांना आढळलं. मालकीचा नियम किती खोलवर परिणाम करतो, याचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ऑक्सफर्डने २०२१ मध्ये नियम बदलून स्पिन-ऑफ कंपनीत, म्हणजे विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेल्या कंपनीत, संस्थापक संशोधकांना ८० आणि विद्यापीठाला २० टक्के असा सुरुवातीचा वाटा ठरवला. भारतात विद्यार्थी व प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणलेल्या धोरणात संस्थेसाठी २ ते ९.५ टक्के हिस्सा सुचवला आहे. अभ्यासक्रमाबाहेर आणि संस्थेची साधनं न वापरता केलेलं काम पूर्णपणे निर्मात्याचं, असंही त्यात म्हटलं आहे. मात्र हे मार्गदर्शक धोरण आहे. तुमच्या संस्थेने ते कोणत्या स्वरूपात स्वीकारलं, हे त्या संस्थेच्याच कागदावर पाहावं लागेल.

नियमावली वाचताना पुढच्या चार प्रश्नांची उत्तरं स्प्रेडशीटमध्ये लिहा:

- वर्गातल्या प्रकल्पातून निघालेली कल्पना कोणाची? आणि पगारी संशोधन सहायक म्हणून केलेल्या कामातून निघालेली? बहुतेक ठिकाणी ही दोन उत्तरं वेगळी असतात.
- ‘विद्यापीठाच्या साधनांचा लक्षणीय वापर’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे का? असेल तर ‘लक्षणीय’ची व्याख्या दिली आहे का? ग्रंथालय आणि वायफाय त्यात धरलेलं नसावं.
- इन्क्युबेटरमध्ये शिरताना हिस्सा द्यावा लागतो का? किती आणि कशाच्या बदल्यात?
- टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसकडून (विद्यापीठाच्या शोधांचे परवाने देणारं कार्यालय) परवाना मिळायला साधारण किती महिने लागतात? हे नियमावलीत नसतं, तिथल्या संस्थापकांना विचारावं लागतं. एखाद्या कराराला वर्ष लागत असेल, तर तितक्या काळात कंपनीचा जीव जाऊ शकतो.

इथला ठरलेला सापळा म्हणजे ‘आम्ही हिस्सा घेत नाही’ हे वाक्य. ते इन्क्युबेटरपुरतं खरं असू शकतं आणि पेटंटसाठी त्याच विद्यापीठाचा नियम पूर्ण वेगळा असू शकतो. दोन्ही स्वतंत्रपणे तपासा.

४. इन्क्युबेटरची जुनी तुकडी उकरून काढा

संपूर्ण पद्धतीतली माझी सर्वात आवडती पायरी. वेळखाऊ आहे, पण हिच्याइतकी खरी माहिती दुसरीकडून मिळत नाही.

इन्क्युबेटर आपल्या पानावर आज जिवंत असलेल्या कंपन्या दाखवतो. बंद पडलेल्या हळूच गळून जातात. त्यामुळे आजचं पान पाहून यशाचं प्रमाण काढलं, तर ते नेहमी फुगलेलं येतं. यावर उपाय असा:

पानाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाका आणि तीन-चार वर्षांपूर्वीची नोंद उघडा. तेव्हाच्या सगळ्या कंपन्यांची नावं उतरवून घ्या. मग एकेक कंपनी शोधा: संकेतस्थळ चालू आहे का, शेवटची घोषणा केव्हाची, संस्थापक आता लिंक्डइनवर काय काम दाखवतात. ब्रिटनमध्ये कंपनीज हाउसच्या नोंदणीत कंपनी चालू आहे की विसर्जित झाली, आणि तिने सादर केलेले हिशेब, हे फुकट पाहता येतं. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची मूलभूत माहिती मिळते.

बऱ्याच कंपन्या बंद पडलेल्या दिसतील. घाबरू नका, ते अपेक्षितच आहे. पाहायचं ते पुढचं. संस्थापक नंतर कुठे गेले? त्यांनी दुसरी कंपनी काढली, चांगल्या जागी नोकरी धरली, की वर्षानुवर्षं त्याच इन्क्युबेटरच्या स्पर्धांमध्ये बक्षिसं घेत राहिले? शेवटचा प्रकार जास्त दिसला, तर तिथलं वातावरण कंपन्या घडवण्यापेक्षा सादरीकरणं घडवतं, असं मी समजते. अनुदान आणि बक्षिसांवर तगलेल्या, पण एकही पैसे देणारा ग्राहक नसलेल्या कंपन्या वेगळ्या रंगाने खुणावा.

आणखी एक गोष्ट याच यादीतून कळते. संस्थापकांपैकी शिकत असलेले विद्यार्थी किती, प्राध्यापक किती आणि बाहेरून आलेले किती? काही नावाजलेल्या इन्क्युबेटरांत विद्यार्थ्यांच्या कंपन्या अगदी थोड्या असतात. ते उत्तम असतील, पण तुमच्यासाठी आहेतच असं नाही.

५. नियम वेळ देतात का?

स्टार्टअपला वेळ लागतो आणि विद्यार्थ्याचा वेळ नियमांनी बांधलेला असतो. नियमपुस्तिकेत हे शोधा: एक-दोन सत्रं खंड घेऊन जागा न गमावता परत येता येतं का, स्वतःच्या कंपनीतल्या कामाला क्रेडिट मिळतं का, हजेरीची अट किती कडक आहे, शिष्यवृत्ती खंडकाळात थांबते की कायमची जाते. बिल गेट्स यांनी हार्वर्ड सोडल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. १९७५ मध्ये ते आधी रजेवर गेले होते आणि परतीचं दार उघडं होतं, हा तपशील सहसा कुणी सांगत नाही. परतीची सोय असली की जोखीम घेणं कितीतरी सोपं होतं.

काही विद्यापीठांनी वेळ अभ्यासक्रमातच विणला आहे. वॉटर्लूमध्ये शिक्षणाची आणि पगारी कामाची सत्रं आलटून पालटून येतात, त्यामुळे पदवी मिळेपर्यंत विद्यार्थ्याच्या गाठीला खऱ्या कंपन्यांचा बराच अनुभव जमतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा एनयूएस ओव्हरसीज कॉलेजेस हा कार्यक्रम विद्यार्थ्यांना सिलिकॉन व्हॅलीसारख्या ठिकाणच्या स्टार्टअपमध्ये सहा महिने ते वर्षभर कामाला पाठवतो. कॅरोसेल या कंपनीचे संस्थापक याच कार्यक्रमातून गेले होते. ज्यांच्याकडे अजून कल्पना नाही, त्यांच्यासाठी अशी रचना कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा मोलाची आहे असं माझं ठाम मत आहे.

६. माणसं तपासा

जॉश लर्नर आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास केला. तिथे विद्यार्थ्यांना तुकड्या वाटून दिल्या जातात, स्वतः निवडता येत नाहीत. ज्या तुकडीत आधी व्यवसाय केलेले सहाध्यायी जास्त होते, त्या तुकडीतून नंतर कंपन्या कमी निघाल्या. कमी झाल्या त्या मुख्यतः अपयशी ठरणाऱ्या कंपन्या. म्हणजे अनुभवी सोबती कच्ची कल्पना वेळीच थांबवतात. चांगल्या स्टार्टअप संस्कृतीची ही बाजू कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही. ‘हे चालणार नाही, कारण मी ते करून पाहिलंय’ असं सांगणारं कुणी आसपास आहे का, हे शोधा.

विद्यार्थी स्वतः काय चालवतात, तेही पाहा. हेलसिंकीतला स्लश हा मोठा स्टार्टअप मेळावा आल्टो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला आणि वाढवला. प्रशासनाच्या आदेशाशिवाय मुलं असं काही उभं करतात, तेव्हा ती संस्कृती खरी असते. विद्यार्थी क्लबच्या गेल्या वर्षभराच्या कार्यक्रमांच्या तारखा पाहा. परीक्षांचा काळ सोडून नियमित भेटी होत असतील तर क्लब जिवंत आहे. वर्षातून एकच झगमगीत सोहळा होत असेल, तर तो बहुधा फोटोंसाठी असतो.

वेगवेगळ्या विभागांची मुलं एकत्र येतात का? अभियांत्रिकीच्या आवारात डिझाइन किंवा व्यवस्थापनाचा माणूस फिरकतच नसेल, तर सहसंस्थापक मिळणं अवघड. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या उद्योजकता अभ्यासक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे संघ आणि संशोधकांच्या कल्पना एकत्र आणून कंपन्या उभारल्या जातात. अशी जोडणी नियमाने होते की नशिबावर सोडलेली असते, हे विचारा.

७. अभ्यासक्रम आणि स्पर्धा

यावर फार वेळ घालवू नका. एवढंच पाहा की विषय शिकवणाऱ्याने स्वतः कंपनी चालवली आहे का आणि विद्यार्थी खरं काही विकतात का. बॅब्सन कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाचे विद्यार्थी कॉलेजने दिलेल्या भांडवलावर खरा व्यवसाय सुरू करतात, चालवतात आणि वर्ष संपताना बंद करतात. विक्री, हिशेब आणि आपसातली भांडणं, सगळं खरं.

स्पर्धांमधल्या बक्षिसाच्या रकमेवर भुलू नका. अकामाई ही कंपनी १९९८ च्या एमआयटीच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेली, पण जिंकली नाही. स्पर्धेचा उपयोग परीक्षक म्हणून येणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी. गेल्या वर्षीचे परीक्षक कोण होते, ते पाहा.

८. परदेशी जाणार असाल तर व्हिसा आधी

विद्यापीठ कितीही चांगलं असलं, तरी देशाचा कायदा त्याच्या वर. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना सर्वसाधारणपणे स्वयंरोजगाराला परवानगी नसते. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कंपनीची नोंदणी करता येते, पण परवानगी नसताना तिच्यात काम करणं नियमबाह्य ठरतं. पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटी काळात (याच व्हिसावर मिळणारी कामाची मुदत), स्वतःच्या विषयाशी निगडित असेल तर, स्वतःचा व्यवसाय चालतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणाऱ्या पुढच्या २४ महिन्यांच्या वाढीत मात्र मालक-कर्मचारी असं खरं नातं दाखवावं लागतं.

हे नियम बदलत राहतात. समाजमाध्यमांवरच्या जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधीच लिहा. ते कार्यालय संस्थापक विद्यार्थ्यांचे प्रश्न नेहमी हाताळतं की तुमचा प्रश्न वाचून गोंधळतं, यावरूनही बरंच कळतं.

९. तीन माणसांशी बोला

चौथ्या पायरीतल्या यादीतून प्रत्येक विद्यापीठामागे तीन जण निवडा: एक जिची कंपनी चालू आहे, एक ज्याची बंद पडली आणि एक जो आत्ता तिथे शिकतो आहे. बंद पडलेल्या कंपनीचा संस्थापक सर्वात मोकळेपणाने बोलतो. संदेश लहान ठेवा, कुठे वाचून त्यांच्यापर्यंत पोहोचलात ते सांगा आणि दोन-तीनच प्रश्न विचारा:

- पहिला पैसे देणारा ग्राहक कसा मिळाला? त्यात विद्यापीठाचा काही हात होता का?
- अडचणीत असताना विद्यापीठातल्या कोणाला फोन केला?
- विद्यापीठामुळे एखादी गोष्ट उलट अवघड झाली का?

दुसऱ्या प्रश्नाला लगेच एखाद्या माणसाचं नाव आलं, तर ते टिपून ठेवा. उत्तरात फक्त इमारतीचं किंवा योजनेचं नाव आलं, तर तेही टिपा.

१०. गुणांची बेरीज करण्याआधी गाळणी लावा

सगळ्या रकान्यांची बेरीज करून पहिला नंबर काढण्याचा मोह होईल. त्याआधी गाळून घ्या. मालकीचा नियम तुमच्या कामासाठी अडचणीचा असेल, व्हिसा आडवा येत असेल किंवा कर्ज इतकं होणार असेल की पदवीनंतर लगेच नोकरी धरावीच लागेल, तर ते विद्यापीठ यादीतून काढा, बाकीचे गुण कितीही असोत. कर्जाचा मुद्दा खास लक्षात घ्या. मोठा हप्ता डोक्यावर असलेला माणूस बिनपगारी वर्ष काढू शकत नाही. कमी नावाचं, पण शिष्यवृत्ती देणारं विद्यापीठ अशा वेळी जास्त स्वातंत्र्य देतं.

उरलेल्यांत पहिल्या पायरीत ठरवलेल्या दोन रकान्यांची तुलना करा. दोन विद्यापीठं अगदी बरोबरीची निघाली, तर परिसराचा रकाना निर्णायक धरा, कारण अभ्यासक्रम संपल्यावरही तुम्ही बहुधा त्याच भागात कंपनी चालवणार असता.

प्रवेशाचं पत्र आलं की शुल्क भरण्याआधी विद्यापीठाला एक ईमेल पाठवा. मालकी, खंड आणि इन्क्युबेटरचा हिस्सा, या तिन्हींचा तुमच्या अभ्यासक्रमाला लागू होणारा नियम कोणता आणि तो कोणत्या तारखेच्या आवृत्तीतला, एवढंच विचारा. ‘प्रत्येक प्रकरण पाहून ठरवतो’ असं उत्तर आलं, तर गेल्या वर्षी अशी प्रकरणं कोणी आणि कशी ठरवली, ते पुन्हा लिहून विचारा. आलेली उत्तरं नियमावलीच्या पीडीएफसोबत जपून ठेवा. तुम्ही शिकत असताना धोरण बदललं, तर प्रवेशावेळचा नियम काय होता, हे दाखवायला तोच कागद कामाला येतो.